काव्यांतील भ्रमर आणि रानांतील भुंगा

ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायांत अर्जुनाचा मोह वर्णन करतांना श्रीज्ञानदेवांनीं भ्रमराचा जो दृष्टान्त दिला आहे, तो मीं वर्गांत सुमारें वीस वर्षें शिकविला. कसलेंहि वाळलेलें लांकूड पोखरून पलीकडे जाणारा भ्रमर कोंवळ्या कळींत सांपडला म्हणजे जीव देईल, पण पाकळी फाडणार नाहीं. स्नेह हा असा कोंवळेपणामुळेंच कठीण होतो, हा त्याचा भाव. माझ्या हातीं असलेल्या एका टीपांच्या पुस्तकांत ‘भ्रमर’ या शब्दापुढें ‘मधमाशी’ असा अर्थ छापलेला होता आणि मीहि तोच मुलांस सांगत आलों. २०१८ सालच्या पावसाळ्यांत वर्गांत एक नवा मुलगा होता. यवतमाळकडच्या खेड्यांतून तो आमच्या गांवीं मामाकडे शिकावयास आला होता. तो उभा राहिला आणि म्हणाला, “सर, मधमाशी लांकूड कशी पोखरील? तें काम भुंग्याचें. आमच्या गोठ्याच्या वांशांना त्यानें भोकें पाडून ठेवलीं आहेत.” वर्ग हंसला. मला मात्र हंसूं आलें नाहीं. भ्रमर म्हणजे मधमाशी असें धरलें कीं दृष्टान्ताचा पूर्वार्ध खोटा ठरतो, आणि तो खोटा ठरला म्हणजे जो लांकूड फोडतो तोच पाकळीपुढें हरतो, हा सारा विरोधच नाहींसा होतो. मागें उरतें तें एक गोड, गुळगुळीत चित्र : फूल, आंत माशी आणि संध्याकाळ. वीस वर्षें मी मुलांना तेवढेंच देत होतों.

प्रश्न एका टीपेपुरता असता तर त्यावर लेख लिहिण्याचें कारण नव्हतें. परंतु फुलें आणि कीटक यांच्या संबंधावर संस्कृतांत व मराठींत जी अफाट कविता झाली, तिच्यांतील किती पाहिलेली आणि किती नुसती ऐकलेली, याची झडती आमच्या टीकाकारांनीं फारशी घेतलेली नाहीं. भ्रमर आला कीं ‘कविसंकेत’ असें म्हणावयाचें आणि पान उलटावयाचें, ही आमची रीत. संकेत म्हटल्यावर खरेंखोटें विचारणें अरसिकपणाचें समजलें जातें. मला हा समज बरोबर वाटत नाहीं, आणि ज्या ग्रंथाच्या आधारावर तो उभा आहे असें मानतात, त्या ग्रंथालाहि तो मान्य नाहीं.

तो ग्रंथ म्हणजे राजशेखराची ‘काव्यमीमांसा’. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचें पहिलें पुष्प म्हणून १९१६ सालीं तो प्रसिद्ध झाला. कनोजच्या दरबारीं मान पावलेला, नवव्या-दहाव्या शतकांतील हा पंडित आपल्या अकालजलद नांवाच्या पणजोबांचा ‘महाराष्ट्रचूडामणि’ म्हणून उल्लेख करतो, तेव्हां त्याच्यावर आमचाहि थोडा हक्क पोंचतो. राजशेखरानें कविसमयांचे प्रकार लावून दिले आहेत. नसलेलें आहे म्हणून सांगावयाचें, तें असें : वाहत्या नदींत कमळें, हरएक जलाशयांत हंस. असलेलें गाळावयाचें, तें असें : वसंतांत मालती नाहीं, चंदनाला फूल नाहीं कीं फळ नाहीं, अशोकाला फळ नाहीं. अशोकाच्या तांबूस शेंगा ज्यांनीं पाहिल्या असतील त्यांना मौज वाटेल. परंतु हें सारें कोठून आलें, याचें राजशेखरानें दिलेलें उत्तर आमच्या टीकाकारांनीं लक्षांत ठेवावयास हवें होतें. तो म्हणतो, पूर्वींच्या विद्वानांनीं शास्त्रें पढून, देशोदेशीं व द्वीपांतरीं हिंडून जें पाहिलें तें लिहून ठेविलें. पुढें देश-काल पालटले, वस्तु तशा राहिल्या नाहींत, तरी वर्णन तसेंच चालू राहिलें. याचें नांव कविसमय. म्हणजे राजशेखराच्या मतें संकेताच्या मुळाशीं कोणीतरी, केव्हांतरी, उभें राहून पाहिलेलें असतें. संकेत हा जुन्या साक्षीदाराचा जबाब आहे. जबाब एकदां लिहून घेतला म्हणून त्याची उलटतपासणी करूं नये, असें थोडेंच आहे?

तेव्हां प्रथम भुंगा. अंगठ्याच्या पेराएवढा, काळाकुळकुळीत, उन्हांत पंखांवर निळी-जांभळी झांक मारणारा हा प्राणी कोंकणांत, देशावर, वऱ्हाडांत सर्वत्र आहे. मधमाशीचा तो नातलग खरा, परंतु तो पोळें बांधीत नाहीं कीं राणीची चाकरी करीत नाहीं. घर करते ती मादी, आणि तीहि बहुधा एकटीच. वाळका वांसा, बांबू, कुंपणाचा खांब असें लांकूड पाहून ती जबड्यानें कुरतडूं लागते व बोट शिरेल एवढें वाटोळें भोंक पाडते. हातानें गिरमिट चालविणाऱ्या सुताराला हेवा वाटावा इतकें तें साफ असतें. लांकूड ती खात नाहीं. भुसा खालीं पडतो आणि घरच्या बाईला सकाळीं तो झाडावा लागतो. आंत गेल्यावर बोगदा वळवून ती पराग आणि मध यांचा गोळा ठेवते, त्यावर एक अंडें घालते, भुशाची भिंत घालून खोली बंद करते आणि पुढच्या खोलीला लागते. हिरव्या, रसरशीत झाडाला ती सहसा शिवत नाहीं. तिला सुकें लांकूड लागतें. ज्ञानदेवांनीं या जागीं ‘कोरडें’ हें विशेषण घातलें आहे. यमकासाठीं घातलें असेल, असें कोणी म्हणेल. यमकासाठीं आलेला शब्द वस्तुस्थितीशीं इतका नेमका जुळावा, तर तो कवि वांशाकडे मान वर करून पाहणाऱ्यांपैकीं होता असें मी समजतों.

येथें एक गोष्ट मान्य केली पाहिजे. कल्पना मुळांत ज्ञानदेवांची, असें म्हणतां येणार नाहीं. चाणक्याच्या नांवावर चालणाऱ्या सुभाषितांत याच अर्थाचा एक श्लोक आहे : बंधनें पुष्कळ असतात, पण प्रेमाचें बंधन निराळेंच, लांकूड फोडण्यांत निपुण असलेला षट्पद कमळाच्या कोशांत निश्चेष्ट होऊन राहतो. श्लोक नीटस आहे. त्यांत सिद्धान्त आधीं सांगितला आहे आणि भुंगा मागून आणला आहे, वकील आपलें म्हणणें मांडून मग नजीर दाखवितो तसा. ज्ञानदेवांनीं क्रम उलटा केला. आधीं आपण भुंग्याबरोबर लांकडांतून जातों, मग कळींत अडकतों, आणि स्नेह हा शब्द कानीं पडतो तो सर्वांत शेवटीं. श्लोकांत जें लांकूड नुसतें लांकूड आहे तें येथें कोरडें होतें, कमळ कोंवळें होतें, आणि या दोन स्पर्शांच्या आधारावर कोंवळेपणानें आलेलें काठिण्य ही विलक्षण कल्पना उभी राहते. उसनें घेतलेलें इतकें वाढवून परत करणारा कवि विरळा.

भ्रमर कमळांत अडकल्याचा दुसरा एक श्लोक याहून अधिक प्रसिद्ध आहे. रात्र सरेल, पहाट होईल, कमळ उमलेल, असें मनांत घोळवीत भुंगा आंत बसला आहे आणि इतक्यांत हत्ती येऊन कमळाचा वेलच उपटून टाकतो. हा श्लोक ऐकून आमच्या कित्येक पिढ्या हळहळल्या. मला तो नेहमींच थोडा सोयीचा वाटत आला आहे. तेथें नाश बाहेरून येतो. भुंग्याच्या ठिकाणीं मुंगी असती तरी चाललें असतें. ज्ञानदेवांना हत्तीची गरज लागली नाहीं. ज्यांस हा फरक मोठा वाटत नसेल त्यांच्याशीं माझा वाद नाहीं, पण मला तो फार मोठा वाटतो.

आतां उत्तरार्धाकडे वळूं. भुंगा खरोखरच कमळांत अडकतो काय? १९९६ सालीं ऑस्ट्रेलियांतील अ‍ॅडलेड येथील वनस्पतिउद्यानांत रॉजर सेमूर व पॉल शुल्ट्झे-मोटेल या दोघांनीं आपल्याच पवित्र कमळाची उष्णता मोजून ती हकीकत ‘नेचर’ या नियतकालिकांत प्रसिद्ध केली. भोंवतालची हवा १० अंश सेंटिग्रेडपर्यंत उतरली तरी फुलाच्या आंत ३० ते ३६ अंश ऊब टिकून राहते, आणि हें दोन ते चार दिवस चालतें. माणसाच्या अंगाला जी ऊब असते जवळजवळ तीच. ज्या मधल्या कर्णिकेंत पुढें बिया धरतात, ती आपलें पीठसाखर जाळून ही ऊब करते. फूल प्रथम उकलतें तेव्हां त्याचे स्त्रीकेसर पराग घेण्यास तयार असतात, पण स्वतःचे पराग अजून सुटलेले नसतात. संध्याकाळीं पाकळ्या मिटतात. आंत आलेले कीटक तेथेंच रात्र काढतात, आणि मागच्या कमळावरून अंगाला लागून आलेले पराग या कमळाला मिळतात. मागाहून पुंकेसर फुटतात व पाहुणे नवे पराग घेऊन बाहेर पडतात. रात्रीच्या गारठ्यांत ज्या कीटकाला उडण्यासाठीं आधीं आपलें अंग तापवावें लागतें, त्याला असें तापलेलें घर मिळणें ही मधाहून मोठी दक्षिणा असावी, असें या संशोधकांचें अनुमान आहे.

कळींत रात्र काढणाऱ्या या पाहुण्यांत भरणा आहे तो भुंगेऱ्यांचा. भुंगा आणि भुंगेरा हे मराठींत वेगळे शब्द आहेत. भुंगेऱ्याच्या पाठीवर कवचासारखे टणक पंख असतात आणि मधमाशीच्या कुळाशीं त्याचा संबंध नाहीं. संस्कृतांतील भ्रमर, षट्पद, मधुप या शब्दांनीं ही सारी मंडळी एका पंक्तीला बसविली. तेव्हां लांकूड पोखरणारा एक आणि कळींत निजणारा बहुधा दुसरा. दृष्टान्तानें दोघांचा मिळून एक प्राणी केला. हा दोष आहे, पण त्यानें मला दृष्टान्त उणा झालेला वाटत नाहीं. उलट, त्या कळींत ऊब होती हें कळल्यापासून मला अर्जुनाची स्थिति अधिक समजूं लागली आहे. आंतला जीव बंदिवान नव्हता. तो ऊब धरून बसला होता. रणांगणावर उभ्या असलेल्या अर्जुनालाहि आपल्या माणसांची ऊबच सोडवत नव्हती.

भुंग्याचा गुंजारव हाहि असाच कवींच्या आवडीचा विषय. कुणाला त्यांत वीणा ऐकूं आली, कुणाला मदनाच्या धनुष्याची दोरी. पण वांग्याच्या वाफ्यांत उभें राहून तो ऐकल्याचें मला कोठें आढळलें नाहीं. वांग्याच्या जांभळ्या फुलांत पिवळ्या परागकोशांच्या नळ्या असतात, आणि त्या बाजूनें न फुटतां फक्त टोंकाशीं बारीक भोंकानें उघडतात. नुसतें फुलावर बसून पराग मिळत नाहींत. भुंगा येतो, नळ्यांना पायांनीं कवटाळतो, पंख न हलवितां पंखांचे स्नायु थरथरवितो; आवाज एकदम बारीक आणि तीव्र होतो आणि मिठाच्या कुपींतून मीठ पडावें तसे पराग त्याच्या पोटावर पडतात. आपल्या पोळ्यांतल्या मधमाशीला ही युक्ति साधत नाहीं. वांग्याचें फूल स्वतःच्या परागानेंहि फळतें, परंतु असा थरथराट झाला तर फळें अधिक धरतात. म्हणजे हा गुंजारव नुसतें गाणें नसून कामाचा आवाज आहे, पाट्यावरवंट्याच्या आवाजासारखा. शनिवारीं मारुतीला वाहण्यासाठीं जिचीं पानें आपण तोडतों त्या रुईच्या फुलावरहि मुख्य गिऱ्हाईक हाच भुंगा. कवींनीं त्याला कमळावरून उठून रुईवर कधीं बसूं दिलें नाहीं.

दुसरा संकेत चांफ्याचा. चांफ्याला रंग आहे, रूप आहे, वास तर घरभर दरवळतो, आणि तरीहि भ्रमर त्याच्याकडे फिरकत नाहीं, असें शेंकडों अन्योक्तींत सांगितलें आहे. कोणी यावरून भ्रमराला मूर्ख ठरविलें, कोणी चांफ्याला अभागी, आणि कोणी गुणी माणसाची उपेक्षा करणाऱ्या राजाला टोमणा मारला. फुलाला मात्र कोणी विचारलें नाहीं. सोनचांफ्याचें कुळ फुलझाडांतील अति प्राचीन कुळांपैकीं. या कुळांतील फुलांकडे मुख्यतः भुंगेरे येतात. त्यांना पराग व फुलांचे मऊ भाग खावयास मिळतात. पाकळ्या जाड, वास जड, आणि मध जवळजवळ नाहींच. जेथें मध नाहीं तेथें मधुपानें कां जावें? या संकेताचें मूळ ज्या कोणा अज्ञात माणसानें घातलें तो चांफ्याखालीं बराच वेळ उभा राहिलेला असला पाहिजे. त्याच्या मागून आलेल्यांना चांफा सुभाषितसंग्रहांतच भेटला, आणि म्हणून त्यांना भ्रमराचा रुसवा समजावून सांगण्यासाठीं कथा रचाव्या लागल्या. जातां जातां सांगावयास हरकत नाहीं कीं, देवळांपुढें असतो तो पांढरा-पिवळा देवचांफा हा या कुळांतला नव्हे. तो अमेरिकेंतून आलेला. त्याच्याजवळहि मध नाहीं. रात्रीं मधाच्या आशेनें येणाऱ्या पतंगांना तो नुसत्या वासावर फसवितो. आमच्या अन्योक्तिकारांना हा खरा विषय होता, पण त्यांच्या काळीं तो येथें नव्हता.

कालिदासाविषयीं येथें फार लिहीत नाहीं, कारण त्याच्यावर लिहावयास पुष्कळ लोक आहेत. शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत भ्रमर शकुंतलेच्या तोंडाभोंवतीं घोंटाळतो, हें सर्वांना आठवतें. तो तेथें कां आला, हें मात्र सहसा कोणी सांगत नाहीं. शकुंतलेनें झाडांना पाणी घातलें, पाण्याच्या शिंपडण्यानें गडबडून तो नवमालिकेवरून उठला आणि तिच्याकडे वळला, असें तिच्याच तोंडीं घातलें आहे. ज्यानें बागेंत सकाळीं झारी धरली आहे त्याला हा अनुभव आहे. एवढें साधें कारण द्यावयास कालिदास विसरला नाहीं; त्याचें अनुकरण करणारे विसरले.

परंतु पाहिलेलें तेवढें चांगलें आणि न पाहिलेलें तेवढें वाईट, असा कांटा मी लावीत आहें, असें कोणी समजूं नये. कीटभृंगन्याय घ्या. मातीचें घरटें करणारी कुंभारीण माशी एक अळी आणून आंत कोंडते; अळी भयानें तिचेंच ध्यान करीत राहते आणि अखेर स्वतः कुंभारीण होऊन बाहेर पडते; तसा भक्त ध्यानानें भगवद्रूप होतो. भागवताच्या एकादश स्कंधांत अवधूतानें जे चोवीस गुरु सांगितले त्यांत ही माशी आहे, आणि काशींत १५७३ सालीं पुऱ्या झालेल्या एकनाथी भागवतामुळें ती मराठी घराघरांत पोंचली. वस्तुस्थिति अगदीं भयंकर आहे. माशी अळीला नांगी मारून लुळी करते, मारीत नाहीं; तिच्याबरोबर आपलें अंडें ठेवून दार लिंपते; अंड्यांतून निघालेलें पिल्लूं ती ताजी अळी खाऊन वाढतें आणि पंख फुटल्यावर बाहेर येतें. अळी गेली ती पोटांत गेली. ज्यानें घरटें बंद होतांना आणि उघडतांना पाहिलें, मधले दिवस पाहिले नाहींत, त्याचा हा निष्कर्ष. निष्कर्ष चुकला, आणि त्या चुकीवर चारपांचशें वर्षें लोकांनीं आपली साधना उभी केली. येथें विज्ञानाची फूटपट्टी घेऊन नाथांच्या ओवीपुढें उभें राहणारा टीकाकार मला नको आहे. फक्त इतकेंच कीं, तीच कुंभारीण शेतांतल्या अळ्या वेंचून नेते म्हणून शेतकऱ्याची ती मोठी सोबतीण आहे, ही दुसरी गोष्ट अध्यात्माच्या भरांत आम्हांला कोणी सांगितली नाहीं.

उंबराचें उदाहरण याहून गुंतागुंतीचें. ‘उंबराचें फूल’ म्हणजे कधींच न दिसणारी वस्तु, हें मराठी माणसाला सांगावें लागत नाहीं. फूल दिसत नाहीं, कारण तें फळाच्या आंत असतें. ज्याला आपण फळ म्हणतों ती शेंकडों बारीक फुलांची आंतून अस्तर लावलेली पिशवी आहे. हें फूल पाहण्याचा मान एका चिलटाएवढ्या गांधीलमाशीला आहे. पराग घेतलेली मादी फळाच्या टोंकाच्या अरुंद फटींतून आंत घुसते. घुसतांना तिचे पंख बहुधा तुटतात. आंत ती फुलांना पराग देते, कांहीं फुलांत अंडीं घालते आणि तेथेंच मरते. पुढें आधीं नर जन्मतात, त्यांना पंख नसतात. ते माद्यांशीं संग करतात, फळाच्या भिंतीला भोंक पाडून वाट करून देतात आणि बाहेरचें जग फारसें न पाहतां मरून जातात. माद्या नवे पराग घेऊन त्या वाटेनें दुसऱ्या उंबराच्या शोधांत निघतात. उंबराची ही माशी दुसऱ्या झाडांत वाढूं शकत नाहीं, आणि तिच्यावांचून उंबराला बीं धरत नाहीं. वड, पिंपळ, उंबर यांची प्रत्येकाची माशी बहुधा ठरलेली.

महाभारताच्या शांतिपर्वांत, मोक्षधर्मांत, मशक आणि उदुंबर यांचा दृष्टान्त आला आहे. फळ आणि त्यांतील मशक सदैव एकत्र असतात, तरी ते एक नव्हेत. त्याप्रमाणें सत्त्व आणि क्षेत्रज्ञ हे संयुक्त दिसले तरी भिन्न आहेत. ज्या ऋषीला हें सुचलें त्यानें उंबर फोडून पाहिलें होतें, याविषयीं शंका नको. त्याला भिन्नत्व दाखवावयाचें होतें आणि तें त्यानें दाखविलें. मात्र दृष्टान्त निवडतांना त्यानें अशी जोडी निवडली कीं, जी भिन्न असूनहि एकमेकांवांचून जगत नाहीं. मशक आपोआप फळांत ‘असतो’ असें तो धरून चालला; तो तेथें कसा आला, कां आला, हें त्यानें विचारलें असतें तर सांख्यांना हा दृष्टान्त कदाचित् परवडला नसता. मला वाटतें ही आपल्या निसर्गकवितेची व निसर्गदृष्टान्ताची एक सामान्य मर्यादा आहे. आम्ही संबंध पाहतों, व्यवहार पाहत नाहीं.

या मर्यादेची मोठी किंमत शेताच्या बांधावर द्यावी लागते. ‘शलभ’ हा शब्द पाहा. राज्यावर येणाऱ्या सहा ईतींत, अतिवृष्टि, अनावृष्टि, उंदीर, पोपट आणि परचक्र यांच्या बरोबरीनें, पिकावर पडणारी टोळ हीहि ‘शलभ’ या नांवानेंच मोजली आहे. तोच शब्द कवींच्या हातीं आला तेव्हां त्यांनीं दिव्यावर झडप घालणारा पतंग तेवढा घेतला आणि टोळ कोषकारांकडे ठेवून दिली. दिव्यावरचा शलभ शेंकडों कवितांतून जळाला. पिकावरचा शलभ कवितेंत शिरला नाहीं. मावा, तुडतुडे, खोडकिडा, बोंडअळी हे शब्द शेतकऱ्याच्या तोंडीं रोजचे, पण आमच्या काव्यसंग्रहांत ते शोधून पाहावे लागतात.

त्याच यवतमाळच्या मुलाकडून मला एक शब्द मिळाला : डोमकळी. कपाशीवर गुलाबी बोंडअळीचा पतंग कळ्यांवर अंडीं घालतो. अंड्यांतून निघालेली बारीक अळी कळींत शिरते आणि आंतून रेशमासारख्या धाग्यांनीं पाकळ्या एकमेकींस शिवून टाकते. फूल उमलावयाच्या दिवशीं उमलत नाहीं. गुलाबाच्या अर्धवट कळीसारखें पिळलेलें राहतें. हीच डोमकळी. आंत अळी पराग खात असते. पुढें ती बोंडांत शिरते, शिरल्याचें भोंक भरून येतें, बाहेरून बोंड धडधाकट दिसतें, आणि आंत ती सरकी खाऊन कापसाची धूळधाण करते. बाहेरून केलेली फवारणी तेथवर पोंचत नाहीं. २००२ सालीं भारतांत बीटी कपाशीला परवानगी मिळाली. मातींतल्या एका जिवाणूचें अळीला मारक असें द्रव्य ती स्वतःच तयार करते, आणि २००६ पासून अशा दोन द्रव्यांचें बियाणें आलें. कांहीं वर्षें शेतकरी निश्चिंत झाला. परंतु गुलाबी अळी जवळजवळ कपाशीवरच जगते. भोंवतालीं साध्या कपाशीच्या ओळी लावण्याचा नियम कागदावर राहिला. सगळीकडे एकच खाद्य मिळाल्यावर जी थोडी अळी त्यांतून वांचली तिचीच प्रजा वाढली. २०१० सालीं गुजरातेंतून पहिल्या द्रव्याला ती जुमानीत नसल्याची बातमी आली, आणि २०१७ च्या हंगामांत विदर्भ-मराठवाड्यांत बोंडें फोडून पाहिलीं तों आंत अळी. त्याच सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषध फवारतांना विषबाधा होऊन सुमारें वीस शेतकरी-मजूर दगावले. हा मुलगा मामाकडे कां आला होता, हें मीं त्याला कधीं विचारलें नाहीं.

कपाशी स्वतः अगदींच निःशस्त्र नाहीं. तिच्या पानाच्या मागच्या बाजूस, मधल्या शिरेवर, मधाचा एक सूक्ष्म ठिपका असतो. तो फुलासाठीं नाहीं. मुंग्या आणि लहान गांधीलमाशा यांना तो पगार आहे, कारण त्या पानावर फिरतां फिरतां अळ्या-अंडीं टिपतात. अळी पान कुरतडूं लागली कीं कपाशीच्या पानांतून निराळा वास सुटतो आणि त्या वासावर अळीच्या वैरी माशा येतात, हेंहि प्रयोगांनीं सिद्ध झालें आहे. फुलाबाहेरचा हा मध आणि ही हांक आमच्या कोणत्याहि कवीला ठाऊक नव्हती. असण्याचें कारणहि नव्हतें. पण विषाच्या फवाऱ्यानें आधीं मरतात त्या या पगारी माशा, हें ज्यांना ठाऊक असावयास हवें होतें त्यांनाहि पुष्कळ काळ ठाऊक नव्हतें.

मराठी कवितेंत कपाशीकडे कोणी पाहिलें असेल तर खानदेशांतल्या बहिणाबाई चौधरींनीं. त्या १९५१ सालीं वारल्या आणि पुढच्याच वर्षीं त्यांचीं गाणीं पुस्तकरूपानें आलीं. कशाला काय म्हणूं नये, हें सांगतांना त्यांनीं एकीकडे उकललेल्या पण कापूस नसलेल्या बोंडाला बोंड म्हणावयाचें नाकारलें आहे. पुष्कळ समीक्षकांनीं त्या गाण्यांतील नीतीचें कौतुक केलें. मी तें गाणें पूर्वीं तसेंच शिकवीत असें. डोमकळी माहीत झाल्यावर तें बोंड मला नुसतें नीतीचें उदाहरण राहिलें नाहीं. रिकामें बोंड हातांत घेऊन उभी राहिलेली बाई प्रथम दिसते, आणि नीति मागून येते. भुंगा आधीं आणि स्नेह मागून, हा ज्ञानदेवांचा क्रम येथें पुन्हां भेटतो. बहिणाबाईंना लिहितां-वाचतां येत नव्हतें. तेव्हां सुभाषितसंग्रहांतला भ्रमर त्यांच्या वाटेंत आडवा आला नाहीं, हा त्यांचा लाभच म्हटला पाहिजे.

दिवाळीच्या सुटीनंतर तो मुलगा परत आला तेव्हां काड्यापेटींत एक डोमकळी घेऊन आला. ती वाळून तपकिरी झाली होती. टांचणीनें आम्हीं ती टेबलावर उकलली. पाकळ्या एकदम सुटल्या नाहींत; धागे तोडावे लागले. आंत केशरी भुगा आणि गुलाबी आडव्या पट्ट्यांची, करंगळीच्या नखाएवढी एक मेलेली अळी होती. ज्ञानेश्वरीचा तो पाठ त्याला चांगला लक्षांत होता. “सर, भ्रमर आंत अडकतो, आणि ही स्वतः आंतून दार शिवून घेते. हिच्यावर कोणी लिहिलें आहे काय?” असें त्यानें विचारलें. मीं पाहून सांगतों म्हणालों. तेव्हांपासून संग्रह चाळतों आहें. शलभ मिळाले, पतंग मिळाले, भ्रमरांची तर गणतीच नाहीं. डोमकळी अजून मिळालेली नाहीं.